उमेदवारी कोणाच्या खर्चाने?

‘शिबिर’ हा शब्द या पृष्ठाच्या वाचकांना परका नाही. १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाल्यापासून महाराष्ट्रातील कितीतरी तरुण-तरुणींनी आपल्या सुटीचे दिवस शिबिरांत घालविले, श्रमदान केले, बौद्धिके ऐकली आणि पिठले-भाकरी खाऊन ही मंडळी घरोघर परतली. शिबिराला जाण्यासाठी कोणाला कर्ज काढावे लागले नव्हते. गेल्या दहा-बारा वर्षांत या शब्दाला एक नवे भावंड मिळाले आहे. त्याचे नाव ‘बूट कॅम्प’. अमेरिकन सैन्यात नव्या रंगरुटांना थोड्या आठवड्यांत शिपाई बनविण्याची जी छावणी असते तिचे हे नाव. २०१२ साली सान फ्रान्सिस्को शहरात ते संगणकाच्या शिक्षणाला लागले. संकेतस्थळे आणि त्यांमागची यंत्रणा उभारण्याचे काम चार वर्षांच्या पदवीवाचून काही महिन्यांत शिकविता येते, असा त्या वर्गांचा दावा होता. हा दावा अगदीच पोकळ नव्हता, आणि म्हणूनच तो इतका पसरला. पुण्यात डेक्कनपासून कर्वेनगरपर्यंत आणि पलीकडे हिंजवडीच्या वाटेवर ‘फुल स्टॅक’ शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या दिसतात. त्या पाट्यांखालचा जिना चढून जाणाऱ्या मुलामुलींत मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेल्यांचा भरणा मोठा असतो.

अशाच एखाद्या विद्यार्थिनीची वाटचाल डोळ्यांसमोर आणावी. ती बीड जिल्ह्यातील, तालुक्याच्या महाविद्यालयातून विज्ञान शाखेची पदवी घेतलेली. आईवडील ऊसतोडणीला जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि हंगामापूर्वी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, हा तिकडचा रिवाज. मुलीच्या वर्गाचे शुल्क पन्नास हजार रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी नऊ हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहणे, मेस आणि येणेजाणे यांचा खर्च वेगळा. घरात एवढी रोकड नसते. वडील या खेपेस नेहमीपेक्षा मोठी उचल घेतात. म्हणजे मुलगी संगणकासमोर बसते तेव्हा तिच्या शिक्षणाची किंमत कोणत्या तरी कारखान्याच्या फडात, अजून न तोडलेल्या उसावर लिहिली गेलेली असते.

पहिले दोन आठवडे उत्साहात जातात. कोनाकृती कंसांत चार शब्द लिहावेत आणि पडद्यावर मथळा, परिच्छेद, यादी उमटावी, ही गोष्ट ज्याने प्रथम अनुभवली त्यालाच तिचा आनंद ठाऊक. एचटीएमएल ही या कामातली सर्वांत सोपी पायरी. तिच्यानंतर सीएसएस येते, आणि एक चौकोन पानाच्या बरोबर मधोमध बसविण्यासाठी अख्खी दुपार कशी जाते याचाही अनुभव येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जावास्क्रिप्ट सुरू होते. ब्रेंडन आइक या अभियंत्याने १९९५ च्या मे महिन्यात या भाषेचा पहिला आराखडा दहा दिवसांत तयार केला होता. त्या घाईची किंमत तेव्हापासून प्रत्येक नवशिका आपल्या परीने फेडीत आला आहे. चलपदे, आवर्तने, फलने इथवर गणित शिकलेल्या मुलीला अडचण वाटत नाही. एखादा कंस राहून जातो, लाल अक्षरांत चूक दिसते, ती शोधावी लागते. चूक वाचायला शिकणे हेच या विद्येतले खरे अक्षरज्ञान आहे, आणि ते हळूहळू तिला येते.

मग एका आठवड्यात सगळे अडते. दूरच्या सर्व्हरकडून माहिती मागवायची, ती आली की पानावर मांडायची, एवढाच धडा. पण माहिती मागविणारी ओळ लिहून खालच्या ओळीत ती छापू गेले, तर पडद्यावर ‘अनडिफाइन्ड’ एवढेच येते. ओळी क्रमाने लिहिलेल्या असताना काम क्रमाने का होत नाही, हे तिला उमगत नाही. शिक्षक इंग्रजी स्लाइडवरचे इंग्रजी वाक्य इंग्रजीतच पुन्हा वाचून दाखवितात. वर्गात चाळीस मुले, शिक्षकाला पुढची बॅच घ्यायची घाई, आणि तोही बहुधा तासाच्या बोलीवर राबणारा, दोन वर्षांपूर्वी याच बाकावर बसलेला. चार दिवस ती मुलगी काही विचारीत नाही. आपल्याला हे जमणार नाही, गावी जाऊन आईला काय सांगायचे, असे विचार रात्री येतात. या चार दिवसांत वर्ग सोडून जाणारी मुले पुष्कळ असतात. त्यांचे शुल्क परत मिळत नाही आणि त्यांची नावे पुढे कोणत्याही आकड्यात येत नाहीत.

तिची अडचण सुटते ती खोलीतल्या लातूरच्या मैत्रिणीकडून. गिरणीत दळण ठेवले की कोणी तिथे ताटकळत उभे राहत नाही, बाजार करून येतो; पण दळण मिळायच्या आधीच भाकरी थापायला बसले, तर परातीत काय असणार? एवढे ऐकल्यावर मुलगी उठते, गिरणीवाल्याची हाक येईपर्यंत थांबायला सांगणारा शब्द योग्य जागी लिहिते आणि पानावर माहिती उतरते. जी गोष्ट चार दिवस इंग्रजीत कळली नाही ती मराठीत चार वाक्यांत कळली. या देशातील सत्ताधारी वर्गाची तीन लक्षणे राममनोहर लोहिया सांगत असत: उच्च जात, संपत्ती आणि इंग्रजी शिक्षण. संगणकाच्या युगात तिसरे लक्षण मावळेल असे काहींना वाटले होते. वस्तुतः ते अधिक घट्ट झाले आहे. संगणकाची भाषा वेगळी आणि ती शिकविण्याची भाषा वेगळी, हा साधा भेद या धंद्यात कोणी मानीत नाही.

पुढचे टप्पे वेगाने उलगडतात. गिट, रिॲक्ट, नोड, मोंगोडीबी. पाचव्या महिन्यात प्रकल्प. तिच्या मनात आईच्या बचत गटाची वही असते: दरमहा कोणी किती भरले, कोणाला किती कर्ज दिले, व्याज किती झाले. हे सारे फोनवर दिसेल असे पान करावे, असे ती सुचविते. तिला सांगितले जाते की प्रकल्प ठरलेला आहे. सर्वांनी एका प्रसिद्ध खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाची नक्कल करायची. त्यामुळे चाळीस विद्यार्थ्यांच्या चाळीस अर्जांत एकच दुकान असते, तेच बूट आणि तेच मोबाइल विकणारे. मुलाखत घेणाऱ्यानेही ते दुकान आदल्या आठवड्यात दहादा पाहिलेले असते. बचत गटाचे पान ती रात्री जागून स्वतःच करते. त्यात आकडेमोडीची एक खरी अडचण येते, मधल्या महिन्यात कर्ज फेडणाऱ्या बाईचे व्याज चुकते, आणि ती दुरुस्त करताना तिला जे कळते ते नकलेच्या दुकानात कळले नव्हते. सहा महिन्यांपूर्वी कोऱ्या पडद्याकडे पाहणारी ही मुलगी आता एक लहानशी यंत्रणा मुळापासून उभी करू शकते. ही प्रगती खरी आहे. बूट कॅम्पवर टीका करणाऱ्यांनी ती नाकारण्याचे कारण नाही. तालुक्याच्या महाविद्यालयाने तीन वर्षांत जे हाती दिले नाही ते इथे सहा महिन्यांत मिळाले, ही आपल्या विद्यापीठीय शिक्षणाला लाज आणणारी वस्तुस्थिती आहे.

पण वर्गाने विकले होते ते ज्ञान नव्हे, नोकरी. जिन्याजवळच्या फलकावर हसऱ्या चेहऱ्यांखाली पगाराचे आकडे लावलेले असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि ‘शंभर टक्के नोकरी’ यासारख्या खोट्या हमीला मनाई केली. तेव्हा ‘हमी’च्या जागी ‘साहाय्य’ हा शब्द लिहिला की काम भागते. साहाय्य म्हणजे काय? एका गटात येऊन पडणारे कंपन्यांचे संदेश. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत साठ टक्के हवेत. अमुक साली उत्तीर्ण झालेलेच हवेत. शिक्षणात खंड नसावा. बारावीच्या वर्षी आईवडिलांबरोबर फडावर राहावे लागले म्हणून जिला छप्पन टक्के मिळाले, तिच्या कौशल्याची परीक्षा घेण्याइतकी उसंतही या चाळणीला नसते. चाळणीतून निसटून मुलाखतीपर्यंत गेलेच तर पहिला प्रश्न स्वतःविषयी इंग्रजीत दोन मिनिटे बोलण्याचा. काही ठिकाणी मग दोन वर्षांचा खोटा अनुभव लिहिण्याचा सल्ला मिळतो, त्याला लागणारी पगारपत्रकेही कोणी पुरवितो, आणि पुढे पडताळणीत ते उघडकीस आले म्हणजे नाव त्या मुलाचेच जाते.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. नवख्या माणसाला कामायोग्य बनविण्याचा खर्च कोणी करायचा? ‘उमेदवारी’ हा मराठीतील जुना शब्द आहे. सुताराकडे, सोनाराकडे, छापखान्यात किंवा गिरणीत पोरगा उमेदवारी करी तेव्हा त्याला पगार तुटपुंजा मिळे, कधी दोन वेळचे जेवणच मिळे. पण शिकण्यासाठी मालकाला पैसे मोजावे लागत नसत. भारतातील मोठ्या संगणक कंपन्यांनीही अनेक वर्षे हेच केले. पदवीधर घ्यावेत, त्यांना पगार देऊन काही महिने शिकवावे आणि मग कामाला लावावे, ही त्यांची पद्धत होती. मैसूर येथील इन्फोसिसचे प्रशिक्षण केंद्र त्यासाठीच उभे राहिले. त्याच केंद्रातून फेब्रुवारी २०२५ मध्ये तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना, अंतर्गत परीक्षा तीन वेळा देऊनही उत्तीर्ण झाले नाहीत या कारणाने, काढून टाकण्यात आले. त्यांतले बरेच जण निवड झाल्यानंतर दोन-अडीच वर्षे रुजू होण्याची वाट पाहत बसलेले होते. परीक्षा आधी ठरलेल्या नियमांनुसारच झाली, असे कंपनीचे म्हणणे. तक्रारीनंतर केंद्रीय श्रम मंत्रालयाने कर्नाटक सरकारला लक्ष घालण्यास सांगितले. या प्रकरणातील कायदेशीर बाजू काहीही असो, शिकविण्याची जोखीम आपल्याकडे ठेवण्याची उद्योगाची इच्छा ओसरली आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते. बूट कॅम्प हे त्या ओसरण्याचे अपत्य होय. जो खर्च मालकाच्या वहीत होता तो उमेदवाराच्या बापाच्या वहीत गेला. आणि एवढे करून हाती काय येते? मोठ्या कंपन्यांत नवख्याचा वार्षिक पगार दहा-बारा वर्षांपूर्वी तीन-साडेतीन लाखांच्या आसपास होता, आणि महागाई कितीही वाढली तरी तो बहुतेक तिथेच राहिला.

यावर अमेरिकेत एक तोड निघाली होती. आधी शुल्क भरू नका. नोकरी लागली की उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्या. लॅम्बडा स्कूल ही २०१७ साली निघालेली संस्था याच योजनेवर प्रसिद्ध झाली. वर्षाला पन्नास हजार डॉलर मिळू लागले की दोन वर्षे पगाराचा सतरा टक्के हिस्सा, कमाल तीस हजार डॉलरपर्यंत. विद्यार्थी कमावील तेव्हाच संस्था कमावील, असे सांगितले गेले आणि भल्याभल्यांना ते समाजवादी वाटले. एप्रिल २०२४ मध्ये तेथील ग्राहकांच्या आर्थिक हितरक्षणाच्या केंद्रीय विभागाने, तोवर नाव बदललेल्या या संस्थेवर कारवाई केली, तेव्हा आतला हिशेब बाहेर आला. हे करार म्हणजे कर्जेच होती. प्रत्येकात सरासरी चार हजार डॉलरचा आकार दडलेला होता. ‘तुम्ही कमवाल तेव्हाच आम्ही’ म्हणणारी संस्था पुष्कळ करार गुंतवणूकदारांना सात ते दहा हजार डॉलरना विकून आधीच मोकळी होत होती. जाहिरातीत नोकरी मिळण्याचे प्रमाण एकाहत्तर ते शहाऐंशी टक्के होते. संस्थेच्या अंतर्गत नोंदींत ते पन्नासच्या आसपास, आणि काही तुकड्यांत तीस टक्क्यांपर्यंत खाली होते. संस्थेला ग्राहकांना कर्ज देण्यास कायमची बंदी झाली. भावी मजुरीवर हक्क आधीच लिहून घेण्याच्या या व्यवहाराला सिलिकॉन व्हॅलीने नवे नाव दिले असेल. बीड जिल्ह्यात त्याला उचल म्हणतात. फरक इतकाच की फडावरच्या मजुराच्या हाती उचलीचे रोख पैसे तरी पडतात. याच धर्तीचे, नोकरीनंतर फेडीचे करार भारतातही आले आहेत आणि ते वाचून पाहण्याचे काम अजून कोणत्याही सरकारी खात्याने अंगावर घेतल्याचे दिसत नाही.

ज्या भूमीत हा धंदा जन्मला तिथे त्याची पडझडही झाली आहे. २०१२ साली सुरू झालेला तो पहिला डेव्ह बूट कॅम्प २०१७ मध्येच बंद पडला. विद्यापीठांच्या नावाने असे वर्ग चालविणारी ट्रिलॉजी ही कंपनी ‘टूयू’ या कंपनीने २०१९ मध्ये पंचाहत्तर कोटी डॉलरना घेतली. डिसेंबर २०२४ मध्ये ते वर्ग गुंडाळण्याची घोषणा झाली. नोव्हेंबर २०२२ नंतर लेखन करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली, आणि नवख्याला शिकता शिकता करावयास मिळणारे साधे काम त्या यंत्रांकडे जाऊ लागले. बावीस ते पंचवीस वयाच्या संगणक-विकासकांचा अमेरिकेतील रोजगार २०२२ च्या अखेरच्या शिखरापासून सुमारे वीस टक्क्यांनी घटल्याचे स्टॅनफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मांडले. त्याच सुमारास, जुलै २०२५ मध्ये, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे बारा हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. जिना उतरणाऱ्या मुलीला हे आकडे कोणी सांगत नाही. ज्याची पायरी काढून घेतली जात आहे अशा शिडीचे भाडे मात्र तिच्याकडून आगाऊ घेतले गेलेले असते.

आणि हे भाडे कशाचे? ज्या ज्ञानाचा हा व्यापार आहे ते ज्ञान कोणाच्या मालकीचे नाही. युरोपच्या सर्न या सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची रचना केली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्व जगाला मोफत खुली केली. रिॲक्ट, नोड, गिट ही साधनेही खुली आहेत; कोणीही घ्यावीत, वाचावीत, बदलावीत. ती शिकविणारे चांगले पाठही मोफत मिळतात. मग मुले वर्गांना का जातात, असे विचारणारे शहाणे शहरांत पुष्कळ आढळतात. जातात, कारण मोफत पाठ इंग्रजीत आहेत, गावातल्या घरात संगणक नाही, सोबत शिकणारे कोणी नाही आणि अडल्यावर विचारायला जागा नाही. पाणी सार्वजनिक असून घागर आणि दोर विकत घ्यावे लागावेत, असा हा प्रकार आहे.

ती घागर पुरविणे शासनाला अशक्य नाही. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांत संगणकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. तो आजच्या कामाला जोडून, मराठीतून, पूर्ण वेळ शिक्षक नेमून चालविला तर तालुक्याची मुलगी तालुक्यातच शिकेल, आणि तिथे आरक्षण व शुल्कसवलत दोन्ही लागू असतील. खाजगी वर्गाच्या जिन्यावर या दोन्ही गोष्टी संपतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजविले. त्यातला क्रम महत्त्वाचा होता. कमाई आधी, शिक्षण तिच्या जोडीने, आणि दोन्हींच्या मधे सावकार नाही. खाजगी वर्गांपुरते बोलायचे तर नोकरीचा आकडा छापणाऱ्या प्रत्येकाने तो प्रवेश घेतलेल्या एकूण विद्यार्थ्यांच्या प्रमाणात, तपासून घेऊन छापावा. चौथ्या आठवड्यात सोडून गेलेले त्यात धरलेले असावेत, आणि त्यांचे उरलेले शुल्क परत मिळावे. शिवाय उचलीतून भरलेल्या शुल्कावर अठरा टक्के कर घेणाऱ्या शासनाने तो कोणत्या न्यायाने घेतला जातो हे एकदा सांगावे.

राहता राहिला मालकांचा वाटा. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असणाऱ्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे, असे त्याखालील नियम सांगतात. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील कंपन्या काही या कायद्याच्या बाहेर नाहीत. त्यांपैकी कोणी किती शिकाऊ उमेदवार घेतले, त्यांत ग्रामीण महाविद्यालयांतून आलेले किती, आणि किमान संख्या न गाठणाऱ्यांवर कोणती कारवाई झाली, हा तारांकित प्रश्न विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात विचारला गेला पाहिजे. उत्तर कंपनीवार मागावे. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ एवढ्यावर बोळवण होऊ देऊ नये.